चौकडी सुटते तेव्हा : ट्रान्सथायरेटिनचं प्रकरण

सत्तरी ओलांडलेल्या माणसाची रक्तदाबाची गोळी सुटली की घरात आनंद होतो. वीस वर्षं घेतलेली गोळी आता लागत नाही, घेतली तर उलट चक्कर येते. पथ्यपाण्याला यश आलं, असं सगळे म्हणतात. याच माणसाच्या दोन्ही मनगटांचं पाच-सात वर्षांपूर्वी कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं, ऑपरेशन झालेलं असतं. हल्ली जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात. इको केला तर ‘पंपिंग नॉर्मल’ असा निर्वाळा मिळतो. हृदयाच्या भिंती जरा जाड दिसतात, पण इतकी वर्षं बीपी होतं म्हटल्यावर त्या जाड असायच्याच. मग ‘वय झालं’ एवढं म्हणून फाइल मिटते.

मनगट हाडांच्या डॉक्टरकडे, रक्तदाब घरच्या डॉक्टरकडे, दम हृदयवाल्यांकडे. तिघांनीही आपापलं काम नीट केलेलं असतं. मात्र या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच प्रथिन असू शकतं, हे वैद्यकाच्या ध्यानात यायला ऐंशीएक वर्षं लागली. ते ध्यानात आणून देणारे लोकही तीन वेगळ्या वाटांनी आले. एक घराण्यांच्या वंशावळी मांडणारे, दुसरे अभिक्रियांचा वेग मोजणारे आणि तिसरे म्हाताऱ्यांची शवविच्छेदनं करणारे.

इवल्या पावलांचं दुखणं

पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावर पोव्हुआ द व्हार्झिम हे कोळ्यांचं गाव आहे. १९३९ साली तिथली ३७ वर्षांची एक बाई पोर्तो शहरातल्या सांतु आंतोनियु इस्पितळात मज्जाविकारतज्ज्ञ कोरिनु द आंद्राद यांच्याकडे आली. पायांत बधिरपणा होता. गावात या दुखण्याला नाव होतं : ‘माल दुश पेझिन्युश’, इवल्या पावलांचं दुखणं. डॉक्टरच्या पुस्तकात नाही आणि गावाच्या तोंडी आहे, असं नाव सापडलं की समजावं, आजार जुना आहे आणि घराण्यांतून फिरतो आहे. आंद्राद पुढची कित्येक वर्षं ही घराणी शोधत राहिले आणि १९५२ साली त्यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात या आजाराचं वर्णन छापलं. आधी पावलांना गरम-गार कळेनासं होतं. मग बधिरपणा वर सरकतो, पोट बिघडतं, उभं राहिलं की रक्तदाब कोसळतो, वजन झडतं. तिशीत सुरू झालेला हा आजार साधारण दहा वर्षांत माणूस नेई. मज्जातंतूंमध्ये साचलेला पदार्थ होता अमायलॉइड, म्हणजे प्रथिनाची मूळ घडी विस्कटून तयार झालेले, न विरघळणारे चिवट धागे.

हे धागे कोणत्या प्रथिनाचे, हे १९७८ साली पोर्तोच्याच पेद्रू कोश्ता आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. त्याला तेव्हा प्रीअल्ब्युमिन म्हणत, आज ट्रान्सथायरेटिन म्हणतात. काम नावातच आहे : थायरॉक्सिन आणि रेटिनॉल यांची वाहतूक. रक्तातलं हे प्रथिन जवळजवळ सगळं यकृतात बनतं. १९८४ पर्यंत जनुकातला दोषही हाती आला. १२७ अमिनो आम्लांच्या साखळीत ३०व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन. एवढाच फरक. आई-वडिलांपैकी एकाकडून तो आला तरी पुरतो.

पण गोष्ट इतकी सरळ नव्हती. हाच बदल जपानमध्ये सापडला, उत्तर स्वीडनमध्येही सापडला. स्वीडनमध्ये आजार पन्नाशीच्या पुढे सुरू होतो आणि बदल बाळगणाऱ्या कित्येकांना तो होतच नाही. म्हणजे जनुकाने दार उघडलं हे खरं, पण आत कधी शिरायचं ते दुसरं काहीतरी ठरवत होतं.

दोषी प्रथिन यकृतात बनतं, तर यकृतच बदला, या विचाराने १९९० साली स्वीडनमध्ये पहिलं प्रत्यारोपण झालं. काढलेलं यकृत बाकी सगळ्या बाबतींत ठणठणीत असायचं. दात्यांची टंचाई मोठी. म्हणून १९९५ साली पोर्तुगालच्या कुइंब्रा शहरात ते यकृत दुसऱ्या एका गरजू रुग्णाला बसवलं गेलं. याला डॉमिनो प्रत्यारोपण म्हणतात. हिशेब असा : मूळ मालकाला आजार व्हायला तीसएक वर्षं लागली, तेव्हा नव्या मालकालाही तेवढी सवड मिळेल. मिळाली नाही. असं यकृत मिळालेल्या अनेकांच्या पायांत सात-आठ वर्षांतच मुंग्या सुरू झाल्या. प्रथिन तेच, यकृत तेच, पण शरीर वयस्क. या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत बोलका प्रयोग आहे असं मला वाटतं, आणि तो प्रयोग म्हणून कुणी केलेलाच नव्हता. दुसरा धक्का मूळ रुग्णांनी दिला. नवं यकृत मिळाल्यावरही काहींचं, विशेषतः उतारवयात आजार सुरू झालेल्यांचं, हृदय बिघडतच राहिलं. त्यांच्या हृदयात आता निर्दोष ट्रान्सथायरेटिन साचत होतं, जुन्या धाग्यांना धरून. दोष नसलेलं प्रथिनही हे करू शकतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती लागणार आहे.

घाटमाथा

आता रसायनाकडे. ट्रान्सथायरेटिन एकटं फिरत नाही. चार सारख्या साखळ्या एकमेकींना बिलगून एक चौकडी करतात. रक्तात फिरते ती ही चौकडी. दोन जोड्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे दोन पोकळ्या आहेत, थायरॉक्सिनसाठी. गंमत अशी की रक्तातलं बहुतेक थायरॉक्सिन दुसरंच प्रथिन वाहून नेतं, त्यामुळे या पोकळ्या जवळजवळ सगळ्या रिकाम्याच असतात.

जेफ्री केली हा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एकाच प्रश्नाला चिकटून बसला होता : धागे व्हायच्या आधी नेमकं काय घडतं? १९९२ साली त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्याने दाखवलं की प्रथिनाची घडी पूर्ण मोडावी लागत नाही, अर्धवट उसवली तरी पुरे. पुढे हळूहळू क्रम स्पष्ट झाला. चौकडी सुटते, साखळ्या एकेकट्या होतात, एकटी साखळी थोडी उसवते आणि उसवलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात. यात सर्वांत मंद पायरी पहिली. चौकडी सुटायलाच वेळ लागतो, त्यानंतर सगळा उतार. म्हणजे आजाराचा वेग ठरतो तो चौकडी सुटण्याच्या वेगावर.

देशावरून कोकणात जायचं तर एकूण प्रवास उताराचा असतो, पण आधी घाटमाथा गाठावा लागतो. प्रथिनाचंही तसंच. धाग्यांची अवस्था ऊर्जेच्या दृष्टीने खाली आहे, कोकणात आहे. चौकडी देशावर बसली आहे. मधला घाटमाथा म्हणजे सक्रियण ऊर्जा. खाली जाणं फायद्याचं असूनही सगळे रेणू खाली का गेले नाहीत? घाटमाथा उंच आहे म्हणून. ऊष्मागतिकी कुठे जायचं ते सांगते, किती वेळात ते गतिकी सांगते. वार्धक्याशी संबंध या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

घाटाच्या उंचीचा आणि ओलांडणाऱ्यांच्या संख्येचा हिशेब साधा बेरीज-वजाबाकीचा नसतो, तो घातांकाचा असतो. शरीराच्या ३७ अंश तापमानाला चढ १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढाच वाढला, तर ओलांडणारे रेणू दहावा हिस्सा उरतात. एखाद्या हायड्रोजन बंधाने साधेल एवढीच ही ऊर्जा. ती एका बाजूला पडली की आजार विशीत-तिशीत, दुसऱ्या बाजूला पडली की शंभरीपर्यंतही नाही. एका अमिनो आम्लाने एवढा फरक कसा पडतो, याचं उत्तर या घातांकात आहे.

ज्यांना आजार झाला नाही

पोर्तोच्या मज्जाविकारतज्ज्ञ तेरेझा कोएल्यु आणि सहकाऱ्यांना काही पोर्तुगीज घराण्यांत चमत्कारिक माणसं आढळली. यांच्याकडे ३०व्या जागेचा तो कुप्रसिद्ध बदल होता. वंशावळीप्रमाणे आजार यायला हवा होता. तो एक तर येत नव्हता किंवा अगदी सौम्य येत होता. जनुकाची दुसरी प्रत पाहिली तर तिच्यातही एक बदल निघाला : ११९व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन. एका पालकाकडून विष, दुसऱ्याकडून उतारा. १९९६ साली हे छापून आलं.

आजार शोधणारे रुग्णांकडे बघतात, ते साहजिक आहे. इथे किल्ली मात्र निरोगी माणसांच्या रक्तात होती. केलीच्या प्रयोगशाळेत पेर हामरस्ट्रोम यांनी दोन्ही प्रकारच्या साखळ्या मिसळून चौकड्या बनवल्या आणि त्या सुटायला किती वेळ लागतो ते मोजलं. चौकडीत ११९वाल्या साखळ्या जितक्या जास्त, तितकी ती सुटायला नाखूश. २००१ आणि २००३ साली ‘सायन्स’मध्ये हे निष्कर्ष आले. त्यातला बारकावा मला फार आवडतो. ११९चा बदल चौकडीला अधिक सुखी करत नाही, तो तिच्या सुटण्याच्या वाटेवरचा माथा उंच करतो. देशावरचं गाव होतं तिथेच आहे, घाटच वाढला आहे.

घाट वाढवणं औषधाला जमणं अवघड. पण माथा तोच ठेवून गाव आणखी खोल दरीत नेलं तरी चढ तेवढाच वाढतो. त्या दोन रिकाम्या पोकळ्यांत नीट बसेल असा छोटा रेणू शोधला तर तो चौकडीला मूळ अवस्थेत जखडून ठेवेल. पोकळ्या रिकाम्याच असल्यामुळे थायरॉइडच्या कारभारातही फारशी ढवळाढवळ होणार नाही. अशा शेकडो रेणूंतून बेन्झॉक्साझोल गटातला एक निवडला गेला, टाफामिडिस. दोनपैकी एक पोकळी भरली तरी चौकडी स्थिर राहते, आणि पहिली पोकळी तो दुसरीपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. म्हणजे थोडं औषध पुष्कळ चौकड्यांना पुरतं. केलीने जीवशास्त्रज्ञ सुझन लिंडक्विस्ट यांच्यासोबत यासाठी कंपनी काढली होती. २०१० साली ती फायझरने घेतली.

०.०६८

पहिली मोठी चाचणी पावलांच्या दुखण्यावर झाली. ३०व्या जागेचा बदल असलेले १२८ रुग्ण, १८ महिने, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच गोळी. सुरुवातीला ठरवलेल्या कसोटीवर औषधाच्या गटात ४५.३ टक्के रुग्णांची घसरण थांबली, प्लासिबोच्या गटात २९.५ टक्के. फरक दिसतो. पण औषधाचा काहीच परिणाम नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, म्हणजे पी मूल्य, आलं ०.०६८. रूढ मर्यादा ०.०५. घोटाळा कुठे झाला? बरेच रुग्ण मध्येच यकृत मिळालं म्हणून प्रत्यारोपणाला गेले आणि नियमाप्रमाणे ते अपयशात मोजले गेले. ज्यांनी चाचणी नीट पार पाडली तेवढेच धरले तर निकाल औषधाच्या बाजूने होता. युरोपने २०११ साली मंजुरी दिली, अमेरिकेने २०१२ साली आणखी पुरावा मागितला. माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं. दुसरा उपाय फक्त यकृत बदलणं असेल तेव्हा युरोपसारखा निर्णय घ्यावा. पण आधी ठरवलेली कसोटी निकाल लागल्यावर बदलायची नसते, हा अमेरिकेचा आग्रह औषधशास्त्राच्या हिताचाच आहे.

इथून प्रकरण तरुण कोळ्यांकडून म्हाताऱ्यांकडे वळतं.

वय नावाचं उत्परिवर्तन

म्हाताऱ्यांच्या हृदयात अमायलॉइड सापडतं हे १९व्या शतकापासून माहीत होतं. त्याला ‘सेनाइल’, म्हणजे म्हातारपणाचं, हे विशेषण चिकटलं आणि संपलं. केस पिकतात तसं हृदयात हे साचतं, असा समज. १९९० साली स्वीडनच्या पेर वेस्टरमार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे धागे ट्रान्सथायरेटिनचेच आहेत, आणि तेही कुठलाही बदल नसलेल्या. यकृत बदललेल्या रुग्णांच्या हृदयात पुढे जे दिसलं, तेच इथे निसर्गाने केलं होतं.

बदल नसलेल्या चौकडीचा घाट बऱ्यापैकी उंच असतो, पण अनंत नसतो. ट्रान्सथायरेटिन रोज नवं बनतं, रक्तातलं त्याचं अर्धायुष्य दोनेक दिवसांचं. त्यातला नगण्य वाटा रोज घाट ओलांडतो, त्यातलाही बराचसा शरीर आवरून टाकतं. उरतं ते साठतं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आपण बचतीच्या पुस्तकावर छापली, इथे तळं हृदयात साचतं. उतारवयात विस्कटलेली प्रथिनं आवरण्याची पेशींची ताकद घटते. डॉमिनोतल्या नव्या मालकांचं गणित तिथेच चुकलं असावं. फिनलंडमध्ये ८५ वर्षांवरील व्यक्तींच्या शवविच्छेदनांत दर चौघांत एकाच्या शरीरात हे अमायलॉइड आढळलं. त्या सगळ्यांचं हृदय त्यानेच बंद पडलं असं नाही. पण ‘दुर्मिळ आजार’ हा शब्द मात्र ढिला पडला.

यात जनुकांचाही एक वाटा आहे आणि तो अन्याय्य आहे. १२२व्या जागी व्हॅलिनऐवजी आयसोल्युसिन हा बदल पश्चिम आफ्रिकेतून आलेला. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकी लोकांपैकी साधारण ३ ते ४ टक्के तो बाळगतात. यात चौकडी लवकर सुटते आणि साठीनंतर हृदयावर परिणाम दिसतो. या समाजात रक्तदाबाचं प्रमाण जास्त, म्हणून जाड भिंती दिसल्या की दोष रक्तदाबावर टाकणं डॉक्टरांना फार सोपं गेलं.

हृदयाच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१८ साली आला. ४४१ रुग्ण, सरासरी वय पंचाहत्तरीच्या आसपास, तीन-चतुर्थांशांत कुठलाही जनुकीय बदल नाही, आणि दहांत नऊ पुरुष. अडीच वर्षांत प्लासिबोच्या गटात ४२.९ टक्के दगावले, टाफामिडिसच्या गटात २९.५ टक्के. दोन्ही गटांच्या मृत्यूंच्या रेघा पहिलं दीड वर्ष जवळजवळ एकमेकींवरच चालतात, मग फाकतात. रसायन समजलेल्याला याचं आश्चर्य वाटू नये. औषध नवी भर थांबवतं, आधी साचलेलं उपसत नाही. म्हणूनच आधीच फार थकलेल्या रुग्णांत इस्पितळाच्या फेऱ्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या. उशीर झालेल्याला गतिकी मदत करत नाही.

मग आले दुसरे उपाय. जनुकाचा संदेशच अडवणारी औषधं म्हणजे घाट सोडून गावच रिकामं करणं. २०२१ साली सहा रुग्णांच्या यकृतात क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या तंत्राने जनुक थेट निकामी केल्याचं प्रसिद्ध झालं. मोठा डोस घेतलेल्यांत प्रथिन सरासरी ८७ टक्क्यांनी घटलं. अकोरामिडिस हा रेणू तर चौकडीत बसून जे हायड्रोजन बंध जुळवतो ते ११९च्या बदलाने घडणाऱ्या बंधांची नक्कल करतात. अमेरिकेत त्याला २०२४ साली मंजुरी मिळाली. पोर्तुगालमधल्या त्या आजारी न पडलेल्या माणसांची ही गोळी झाली म्हणायची.

पैसे आणि स्कॅन

टाफामिडिस अमेरिकेत २०१९ साली आलं तेव्हा यादीतली किंमत वर्षाला २,२५,००० डॉलर होती. चाचणीचे आकडे घेतले तर एक मृत्यू टाळायला साधारण साडेसात जणांना अडीच वर्षं औषध द्यावं लागतं, म्हणजे त्या किमतीने ४० लाख डॉलरच्या वर. अमेरिकेतल्याच एका अर्थशास्त्रीय अभ्यासाने किंमत ९२.६ टक्के उतरली तरच ती परवडण्याजोगी ठरेल असं म्हटलं. दुसरीकडे डायफ्लुनिसल ही जुनी स्वस्त वेदनाशामक गोळीही त्याच पोकळीत बसते. २०१३ साली १३० रुग्णांच्या चाचणीत तिने मज्जातंतूंची घसरण मंदावली. मात्र मूत्रपिंड आणि हृदय आधीच कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्याला ती जपूनच द्यावी लागते. जिच्यातून मोठा नफा नाही अशा गोळीची मोठी चाचणी कोण करणार, हा प्रश्न रसायनाचा नाही.

निदान मात्र महाग राहिलेलं नाही, आणि आपल्याकडे उपयोगी पडेल ते हेच. हृदयाचा तुकडा काढून तपासण्याऐवजी टेक्नेशियम पायरोफॉस्फेटचा स्कॅन बहुतेकदा पुरतो. हे मूळ हाडांसाठीचं द्रव्य. ट्रान्सथायरेटिनचे धागे साचलेलं हृदय ते धरून ठेवतं आणि बरगड्यांइतकं किंवा त्यांहून उजळ दिसतं. इथे दोन ठिकाणी चूक होते. कॅन्सर हाडांत पसरला का हे पाहायच्या नेहमीच्या बोन स्कॅनमधलं एमडीपी हे द्रव्य या कामाला भरवशाचं नाही, चिठ्ठीवर पायरोफॉस्फेट असं स्पष्ट लिहावं लागतं. आणि स्कॅनसोबत रक्त-लघवीतल्या लाइट चेन, म्हणजे प्रतिपिंडांच्या छोट्या साखळ्या, तपासायलाच हव्यात. अस्थिमज्जेतल्या बिघाडातून होणारं दुसरं अमायलॉइडही कधी स्कॅनमध्ये उजळतं. त्याला केमोथेरपी लागते आणि तिथे आठवड्यांचा उशीरही जिवावर बेततो. हे झाल्यावर जनुक तपासायचं. बदल निघाला तर प्रश्न मुलांचाही होतो.

आणि शंका घ्यायची कधी? इकोत भिंती जाड, पण ईसीजीतल्या लाटा त्या मानाने बुटक्या. दोन्ही मनगटांचं ऑपरेशन झालेलं. दंडाच्या स्नायूचा कंडरा तुटून बेडकी उतरलेली. आणि रक्तदाब आपोआप ‘बरा’ झालेला. धाग्यांनी ताठरलेलं हृदय पुरेसं भरत नाही, म्हणून एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं. भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर गेलं ती टक्केवारी नॉर्मल दिसते, कारण टक्के कशाचे हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत २०१८ साली छापलेल्या एका अभ्यासात कार्पल टनेलच्या ऑपरेशनला आलेल्या, पन्नाशीपुढच्या पुरुषांच्या आणि साठीपुढच्या स्त्रियांच्या मनगटातून काढलेला ऊतीचा तुकडा अमायलॉइड ओळखणाऱ्या काँगो रेड रंगात बुडवून पाहिला. एरवी तो टाकून दिला जातो. ९८ जणांपैकी १० जणांत अमायलॉइड निघालं, आणि त्यांतल्या दोघांच्या हृदयात ते त्याच वेळी साचलेलं होतं. दोघांपैकी कुणालाही त्याची कल्पना नव्हती, ते हाताला मुंग्या येतात म्हणून आले होते.